हेकलरचा बंदोबस्त

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.४०

सुरतेतल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये माझा पहिला कॉमेडीचा कार्यक्रम झाला. वीस मिनिटं. लोक हसले. एकूण नऊ वेळा. नऊपैकी सहा वेळा मी बोलत नव्हतो, पण वातावरण माझंच होतं.

एकच गालबोट. तिसऱ्या रांगेतले सुकलाल आप्पा. पस्तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, खटखटीत कान गेले. मी काही बोललो की मोठ्यांदा विचारतात, "काय म्हने?" मग शेजारी बसलेल्या पुष्पाबाई, म्हणजे त्यांची बायको, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना समजावतात.

मी उन्हाळ्याचा जोक मारला. सुरतेत ऋतू तीन: गरम, फार गरम आणि लाईट गेली. उत्तम जोक. स्वतः लिहिलाय.

आप्पा: काय म्हने?

पुष्पाबाई: उन्हाया गरम ऱ्हास, असं सांगी ऱ्हायना.

आप्पा: त्यानाकरता स्टेजवर चढना का हाऊ?

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी. माझा जोक उशिरा समजला असणार.

कार्यक्रमात मध्येच बोलून कलाकाराची वाट लावतो त्याला हेकलर म्हणतात. मोठ्या कॉमेडियनच्या नशिबातच तो असतो. मला पहिल्याच कार्यक्रमात दोन मिळाले. जोडीने.

५ जानेवारी, सोमवार

संकल्प: पुढच्या कार्यक्रमात हेकलरचा बंदोबस्त.

मोबाईलवर बरेच व्हिडिओ पाहिले. हेकलर बोलला की कलाकाराने एकच असं वाक्य टाकायचं की तो खाली बसला पाहिजे. (आप्पा बसलेलेच असतात. तपशील नंतर पाहू.) रात्रीचं जेवण होईपर्यंत अशी अकरा वाक्यं लिहिली. मला जमतंच हे. कापड मार्केटात मी नोकरी करतो त्या दुकानाच्या साड्यांच्या कॅटलॉगला नावं मीच देतो. 'झुळूक सिल्क' माझं. 'रूपमंथन भाग दोन' पण माझं. भाग एक कधी नव्हताच, ही त्यातली गंमत.

अकराही वाक्यं बायकोला, छायाला, वाचून दाखवली. ती म्हणाली, पण आप्पांना ती ऐकू कशी जातील?

बायकांना कलेतलं तांत्रिकच आधी दिसतं.

१४ जानेवारी, बुधवार. उत्तरायण

इथली संक्रांत. सकाळपासून आमची सगळी डिंडोली पतंग घेऊन गच्चीवर. शेजारच्या गच्चीवर आप्पा. म्हटलं रंगीत तालीम करून घेऊ. कठड्याशी जाऊन वाक्य क्रमांक चार पूर्ण ताकदीने ओरडलो. स्पीकरवर गाणी चालू होती.

आप्पांनी हात कानामागे नेला. मी परत ओरडलो. त्यांनी मान डोलावली, आत गेले आणि तिळाची चिक्की आणून कठड्यावरून माझ्या हातात दिली.

खाल्ली. ही तडजोड नव्हे.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ८

दुसरा कार्यक्रम. लिहून ठेवतो, कारण पुढे कुणी विचारलं तर खरं काय ते माझ्याकडे असावं.

पाचव्या मिनिटाला आप्पा म्हणाले, काय म्हने? मी थांबलो. व्हिडिओत थांबतात तसा. एक पाय पुढे. आणि टाकलं: "आप्पा, कानात कापूस घातलाय की अख्खी गादी?"

काही लोक हसायला लागलेही होते. एक मुलगी तर नक्कीच.

आप्पा: काय म्हने?

पुष्पाबाई: तुमले गादी दिऊ का, इचारी ऱ्हायना.

आप्पा (उठून, मला हात जोडून): दे ना भो. खुर्ची भलती टोचस.

सेक्रेटरी काशिनाथभाऊ धावत गेले आणि ऑफिसातली गादी घेऊन आले. आप्पा गादीवर बसले. हॉलने टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटं तरी. मी वाकून स्वीकारल्या, कारण स्टेजवर मी होतो.

१९ जानेवारी, सोमवार

मोठी बातमी. काशिनाथभाऊंचा फोन. २२ फेब्रुवारीला समाजाचा स्नेहमेळावा, उधन्याच्या मोठ्या हॉलमध्ये. आठशे माणूस. धुळे, नंदुरबारहून पाहुणे. मला पूर्ण अर्धा तास! म्हणाले, तुमच्या प्रोग्रामला लोक फार हसतात हो, आप्पांना यावेळी पहिल्या रांगेत बसवू.

मी म्हणालो, आप्पा नकोत. ते म्हणाले, असं कसं, ते समाजातले ज्येष्ठ.

संध्याकाळी राजीनामा लिहिला. २३ तारखेला दुकानाच्या सेठना द्यायचा. आठशे लोकांपुढे गाजल्यावर माणूस साड्यांना नावं देत बसत नाही. सेठना कानावर घालून ठेवलं. ते म्हणाले, सोच के बोल, भूपेंद्र. छायाला सांगितलं. ती पीठ मळताना फार जोर लावत होती. भाकरी मस्त झाली.

२७ जानेवारी, मंगळवार. दुपारी

नवीन उपाय: ठरवून हेकलर. आपलाच माणूस बसवायचा, त्याने ठरलेलं बोलायचं, आपण ठरलेलं उत्तर द्यायचं. सराव होतो, आत्मविश्वास वाढतो. पॅकिंगमधल्या कुंदनला तयार केलं. त्याने म्हणायचं, "हे काय कॉमेडी आहे का?" मी म्हणायचं, "नाही, तुझ्या लग्नाचा अल्बम आहे."

जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनमध्ये बारा जणांपुढे प्रयोग. कुंदन वाक्य विसरला. मग मनातलं बोलला. म्हणाला, भूपेनभाऊ, तू मानूस चांगला शे, हाई कसाले करस?

मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, "नाही, तुझ्या लग्नाचा अल्बम आहे."

डबे बंद झाल्याचे आवाज आले. कुंदनला अभिनय जमत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३

सापडलं! इतकं सोपं होतं.

आप्पा मध्येच का विचारतात? ऐकू येत नाही म्हणून. ऐकू आलं तर विचारणार नाहीत. विचारलं नाही तर पुष्पाबाई सांगणार नाहीत. म्हणजे हेकलर मुळापासून खलास. जगात कुणाला सुचलं नसेल.

एका ट्रस्टच्या दवाखान्यात आज कानतपासणीचं आणि ऐकायची मशीन वाटायचं मोफत शिबिर होतं. आप्पांचा फॉर्म मीच भरला आणि माझ्याच स्कूटरवर बसवून नेलं. पुष्पाबाई म्हणाल्या, देव माणूस शे तू. मी नम्रपणे मान झुकवली. हेतू उघड करायचा नसतो.

मशीन बसवलं तेव्हा आप्पा दचकले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजोबा, येतंय ऐकू? तर म्हणे, हळू बोला, मी काय बहिरा शे का? परतताना सबंध रस्ता मागे बसून विचारत होते, हाई टिकटिक काय शे? स्कूटरचा इंडिकेटर. हाऊ आवाज कसाना? एक ताई झाडू मारत होती. मला नाही म्हटलं तरी जरा बरं वाटलं. म्हणजे २२ तारखेच्या दृष्टीने.

घरी पोचलो. पुष्पाबाई आत स्वयंपाकघरात काहीतरी पुटपुटल्या. आप्पा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "मी कव्हय बोलनू असं?" म्हणजे, कधी बोललो. आतून झाकण पडल्याचा आवाज आला.

८ फेब्रुवारी, रविवार

पुष्पाबाई छायाकडे येऊन तक्रार करून गेल्या. म्हणे, वीस वर्षं मी मनातलं तोंडाने बोलून मोकळी व्हायचे, आता त्यांना सगळं ऐकू जातं. काल त्या स्वतःशीच म्हणाल्या, मेला भाजीत मीठ मागतो, बीपी बघत नाही. तर आप्पांनी ताट बाजूला ठेवलं. मग हसू आवरेना त्यांना, म्हणाले आणखी बोल.

छाया आणि त्या अर्धा तास हसत होत्या. मी आत सराव करत होतो. दार लावून घ्यावं लागलं.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०

शर्ट इस्त्री झाला. घसा उत्तम. राजीनामा उद्याच्या पँटच्या खिशात. आज इतिहास.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.१५

हॉल मोठा होता. तो पहिला प्रॉब्लेम.

आप्पा पहिल्या रांगेत. पांढरा सदरा, कानात मशीन, गुडघ्यावर हात, जरा पुढे झुकलेले. मी ऋतूंचा जोक मारला. आप्पांनी ऐकला. पुष्पाबाईंना काही सांगायची गरज नव्हती, त्या पदर सावरून बसल्या होत्या. आठशे लोक आप्पांकडे बघत होते. आप्पा माझ्याकडे बघत होते. पंख्याचा आवाज येत होता.

दुसरा जोक. पंखा.

दहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की प्रत्येक जोकनंतर मी थांबतोय आणि पुष्पाबाईंकडे बघतोय. एकदा तर चक्क भुवया उंचावल्या, म्हटलं सांगा काहीतरी. त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि आप्पांकडे दाखवलं. म्हणजे, त्यांना ऐकू दे.

विसाव्या मिनिटाला मी स्टेजच्या टोकाशी गेलो आणि विचारलं, आप्पा, ऐकू आलं का?

आप्पा उठले. सावकाश. म्हणाले, "समदं आयकं रे भो. आवर आते."

आठशे माणूस असं हसलं की सांगता सोय नाही. धुळ्याचे पाहुणे रुमालाने डोळे पुसत होते. याचा अर्थ माझ्या कार्यक्रमात आठशे लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, हे कुणी नाकारू शकणार नाही.

दहा मिनिटं राहिली होती. आवरलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कारणं नीट तपासली. माईक जुना. वेळ दुपारची. त्यात जेवण आधी ठेवलेलं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. तुपात बुडवलेल्या माणसाला विनोद कळत नाही. शास्त्र आहे.

सेठनी विचारलं, वो लेटर का क्या हुआ? मी म्हणालो, ड्राफ्टिंग चालू आहे. त्यांनी नवीन चाळीस साड्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना नावं दिली. एकीचं नाव 'नि:शब्द' ठेवलं. सेठना फार आवडलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी

आप्पा घरी आले. चालत. चहा झाला. मी म्हटलं, बोला आप्पा, कसा वाटला प्रोग्राम? टीका झेलायची माझी तयारी आहे, असंही म्हणालो.

ते म्हणाले, "चांगला नही व्हता."

मी म्हटलं, म्हणजे शेवट की सुरुवात?

"समदा."

छाया आत गेली. नंतर आप्पा बरंच बोलले. म्हणाले, "इतला दिन माले वाटे, पोऱ्या भारी सांगस. घर जाईसन बी आठवी आठवी हासू. आते समजनं, ते तुनं नव्हतं. ते समदं इनंच व्हतं." इनं म्हणजे हिचं, पुष्पाबाईंचं. इतकं बोलून एकदम लाजले. सत्तरीचा माणूस लाजताना मी पहिल्यांदा पाहिला. मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "पन तुनामुये माले ती आयकू येवाले लागनी."

नोंद: आप्पांना स्टँड-अपचा अभ्यास नाही. त्यांचं मत मनाला लावून घ्यायचं नाही.

त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. का ते माहीत नाही. वाटेत कुत्रं भुंकलं की ते मला बोट करून दाखवत होते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

काशिनाथभाऊंचा फोन. आठ मार्चला महिला दिनाचा कार्यक्रम आहे, स्टेजवर पंचवीस मिनिटं हवीत. मी म्हणालो, डायरी बघतो. ते म्हणाले, तुम्हाला नाही, पुष्पाबाईंना विचाराल का? तुमचं त्यांच्याकडे जाणं-येणं आहे.

विचारलं. त्या म्हणाल्या, मले काय येस? आप्पा आतून म्हणाले, जे रोज घरमा बोलस तेच बोल.

मी गुरू म्हणून जबाबदारी घेतली आहे. शेवटी शोध माझाच.

३ मार्च, मंगळवार

शिकवणी, दिवस दुसरा. पुष्पाबाईंना हेकलर म्हणजे काय ते समजावलं. माझी अकरा वाक्यं दिली. त्यांनी विचारलं, कुणी मध्येच बोललं तर त्याला खाली कशाला बसवायचं? बोलू दे ना, त्याला काय सांगायचं असेल. मी म्हटलं, तसं नसतं स्टेजवर. त्या म्हणाल्या, बरं. आणि अकरा वाक्यांचा कागद त्यांनी फळीवर पापडाच्या डब्याखाली घातला. जपून ठेवला असावा.

८ मार्च, रविवार. संध्याकाळी ७

पुष्पाबाई बोलल्या. लुगडं नेसून, हातात काही नाही. आप्पांचं मशीन आल्यापासून घरात काय काय झालं, एवढंच. बायका टाळ्या देऊन हसत होत्या. मागून एक म्हातारी ओरडली, "माना नवरालेबी आयकू येत नही, मशीन कोठे भेटस?" पुष्पाबाई म्हणाल्या, "पहिले ठराय, तुले त्याले काय आयकाडनं शे." म्हणजे आधी ठरव, त्याला ऐकवायचंय काय. हॉल हसून लोटपोट. म्हातारी सगळ्यांत जास्त हसली. आप्पा पहिल्या रांगेत सगळं ऐकत होते आणि सारखे वळून मागच्यांना सांगत होते, मानी बायको शे.

माझीही कामगिरी झाली. माईकच्या स्टँडचा स्क्रू ढिला होता. पुष्पाबाई बुटक्या, माईक घसरत होता. काशिनाथभाऊंनी खूण केली. मी पंचवीस मिनिटं स्टेजवर गुडघ्यावर बसून स्टँड धरून ठेवला. एकदाही हलला नाही. स्टेजवरचा माझा आजवरचा सगळ्यांत यशस्वी परफॉर्मन्स, असं छाया म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला तरी टोमणा जाणवला नाही.

नंतर एक गृहस्थ मुद्दाम शोधत आले. नाव विचारलं, नंबर घेतला. म्हणाले, बारडोलीला भाचीचं लग्न आहे, साउंडवाल्याच्या हाताखाली असाच एक स्थिर माणूस पाहिजे.

होकार दिला. कारण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नाही. वऱ्हाड यायच्या आधी माईक टेस्टिंग असतं. हॅलो, हॅलो, वन टू थ्री. निदान तीन मिनिटं. मांडव रिकामा, मध्ये बोलायला कुणी नाही.

मटेरियल लिहायला घेतलंय.