पव्व्याच्या पिशवीचे दोन बंद

मंगळवारी सकाळी कूलरच्या टाकीत पाइप सोडून मी गच्चीवर कुरडया पसरवत होते. खाली टाकी भरून अंगणात वाहायला लागली होती, गॅसवर दूध होतं, आणि एक खार माझ्याकडे बघत कुरडई निवडत होती. अशात अश्विन पायऱ्या चढून आला, उन्हात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, दुकानवाला म्हणून राहिला का मी अजून लहान आहो." दूध उतू गेलं ते तेव्हाच. तेव्हा भाऊजी, आपल्या नात्यातल्या यमुताईंनी तुम्हाला फोनवर जे सांगितलं त्याची सुरुवात अशी कुरडयांपासून झाली, दारूपासून नव्हे.

पण आधी रीत. तीर्थस्वरूप चंपतराव भाऊजींना धाकट्या भावजयीचा, शामलाचा, नमस्कार. तुमचा रक्तदाब कसा आहे? जाऊबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्याआधी उरकून घ्या. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे नागपूरच्या उन्हात माणूस जितका बरा राहू शकतो तितके. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो भाऊजी" म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच चाललं आहे. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, ही मला मोठी सोय वाटते.

आपल्या घरची रीत मी तुम्हाला काय सांगावी, तरी सांगते. अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या तीजेला, पाटावर बसून पितरांची घागर भरायची, वडे-चिंचवणीचं पान वाढायचं आणि गेलेल्या माणसाच्या जिवाची आवड असेल ती वस्तू पानाशेजारी ठेवायची. मामंजींच्या पानाशेजारी चिलीम असते, सासूबाईंच्या शेजारी तपकिरीची डबी. (पहिल्या वर्षी ती डबी उघडी राहिली आणि घागरीसमोर सगळे पितरांना शिंकत बसलो होतो, आठवतं?) आणि वस्तू आणायची ती ज्यानं अग्नी दिला त्यानंच, स्वतः बाजारात जाऊन. घरात पडलेली चालत नाही, दुसऱ्यानं आणलेली चालत नाही. यांची आवड कोणती होती ते तुम्हाला ठाऊक आहे. शनिवारी आपलं भांड्यांचं दुकान बंद केल्यावर रमचा एक पव्वा, म्हणजे पाव बाटली, तीही अर्धी रविवारसाठी राखून. हे गेले ते मेंदूत रक्त साकळून, रमनं नव्हे. तरी डॉक्टरांनी तो पव्वा कागदात लिहिलाच. तर यंदा आपल्या मधुकररावांच्या पानाशेजारी पव्वा ठेवायचा, आणि आणायचा अश्विननं, असं मी ठरवलं. मागच्या वर्षी ठेवला नव्हता. मागच्या वर्षी मला काहीच सुचत नव्हतं.

अश्विन तेवीसचा आहे. आपल्या राज्यात रमसाठी पंचवीस लागतात. एरवी कोणी विचारत नाही; कॉलेजच्या कोपऱ्यावरची पोरं मिशा फुटायच्या आधी बाटल्या फोडतात. पण आदल्या आठवड्यात त्या दारूच्या दुकानावर धाड पडली होती, आणि अश्विननं दाढी केलेली होती. दुकानदारानं आधार कार्ड मागितलं, अश्विननं दिलं. (दुसऱ्या कोणी घरी विसरल्याचं सांगितलं असतं. हा बापावर गेला आहे.) दुकानदार म्हणाला, बिअर ने, तिला एकवीस चालतात. आता यांचं बिअरबद्दलचं मत मी तुमच्यासमोर लिहू शकत नाही. एवढंच सांगते की त्यात घोडा येतो. यांच्या पानाशेजारी बिअर ठेवली असती तर हे परत आले असते, आणि चांगल्या कारणानं आले नसते.

म्हणून मी गेले. भर दुपारी, तोंडाला ओढणी गुंडाळून. ओढणी उन्हासाठी होती. उन्हाळ्यात इथे मंगळसूत्रवाल्या, बिनमंगळसूत्रवाल्या, सगळ्याच बाया दरोडेखोरासारख्या दिसतात. रांगेतल्या पुरुषांनी मला इतकी जागा करून दिली की देवळातही कधी मिळाली नाही. एक जण तर चप्पल काढू लागला. दुकानदारानं एका दिवसाचा परवाना पुढे केला आणि सांगितलं, हा प्रकृती सांभाळण्यासाठी म्हणून देतात. मी म्हटलं, ज्यांच्यासाठी नेते त्यांची प्रकृती आता सांभाळण्यापलीकडे गेली आहे. त्यानं पेन खाली ठेवलं. मग सगळी रीत त्याला सांगितली, अश्विन दाराबाहेर उभा होता तो दाखवला. तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, बाटली मी तुमच्याच हातात देईन. बाहेर गेल्यावर कोण धरते ते मले दिसत नाही, माझा काउंटर उंच आहे."

बाहेर आल्यावर अश्विन अडला. मी धरली तर रीत मोडते, त्यानं धरली तर कायदा. मग आम्ही मधला मार्ग काढला. पिशवीचा एक बंद मी धरला, एक त्यानं, आणि इतवारीतून निघालो. भाऊजी, पाव बाटलीला दोन माणसं. हातगाडीवाले थांबून वाट देत होते. त्यांना वाटलं असेल पिशवीत देव्हारा आहे. अश्विनचे पाय लांब, माझे आखूड, त्यामुळे पिशवी सारखी माझ्याकडे कलत होती आणि तो दर वळणावर म्हणत होता, "सांभाळ वं आई, बाबा सांडतीन." मी हसले. रस्त्यात उभी राहून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हे गेल्यापासून असं हसू आलं नव्हतं, आणि नेमक्या त्याच वेळी कापडाच्या दुकानातून यमुताई बाहेर आल्या.

त्यांनी पाहिलं ते असं: विधवा बाई, ओढणी सुटलेली, हातात बाटलीची पिशवी, डोळे लाल, हसते आहे, आणि पोरगा तिला धरून चालवतो आहे. मी त्यांना दोष देत नाही. मी असते तर मीही तुम्हाला आर्वीला फोन केला असता. फक्त घरी पोचून केला असता. आम्ही घरी पोचलो तेव्हा तुमचा फोन वाजत होता. तुम्ही म्हणालात की शामला, घराण्यात असं कधी झालं नाही; की पोरगा अजून लहान आहे, सरकारलाही ते कळतं; की तो पंचवीसचा होईपर्यंत पाटावर तुम्ही बसाल आणि घागर तुम्ही भराल. मी "हो भाऊजी" म्हटलं. अश्विन शेजारी उभा होता. त्यानं पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मग तीजेले मी घरी काहून राहू?" त्यानंतर तो माझ्याशी फक्त दुकानाचं बोलतो.

आता मला बोलायचं आहे. मी सातवी शिकले. पुढचं शिक्षण दुकानात भांडी गुंडाळायला येणाऱ्या रद्दीवर झालं, त्यामुळे मला पुष्कळ गोष्टी माहीत आहेत, पण बऱ्याच बातम्यांचा शेवट माहीत नाही. तो कोणाच्या तरी कढईबरोबर गेला. तरी हा कायदा मी वाचनालयात बसून शेवटपर्यंत वाचला. अठराव्या वर्षी माणूस मत देतो. गुन्हा केला तर मोठ्यांच्या तुरुंगात जातो. एकविसाव्या वर्षी त्याला बायको करता येते आणि बिअर पिता येते. रमला पंचवीस. म्हणजे चार वर्षं संसार करून झाला की सरकार म्हणतं, आता तुला गरज पडेल. मी असं म्हणत नाही की अठराव्या वर्षी पोरांच्या नळाला रम सोडावी. मी आई आहे, मला कोपऱ्यावरची पोरं दिसतात आणि भीती वाटते. पण माणूस हप्त्याहप्त्यानं मोठा होतो हे मला पटत नाही. पंचवीस म्हणायचं तर सगळंच पंचवीस म्हणा. मत, लग्न, तुरुंग, सगळं. नाहीतर अठरा म्हणा आणि मग घरच्यांनी घरात बघावं.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात यांचं मशीन काढायचं की नाही हे विचारायला डॉक्टर बाहेर आले, तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते आणि तुम्ही आर्वीहून निघाला होतात. डॉक्टरांनी अश्विनला वय विचारलं. तो म्हणाला, एकवीस. ते म्हणाले, चालेल, आणि त्याच्या हातात पेन दिलं. त्यानं सही केली, मग माझ्यासाठी पाणी आणलं. त्या दिवशी तो लहान आहे असं कोणी म्हणालं असतं तर मी त्या म्हणणाऱ्याचे पाय धरले असते. कोणी म्हणालं नाही. आता म्हणू नका. यंदा पाटावर तो बसला नाही तर पुन्हा कधी बसणार नाही. तुम्ही तीजेला जरूर या, शेजारी बसा, मंत्र चुकले तर रागवा. पण घागर त्याच्या हातानं भरू द्या.

आपली,
शामला

ता. क. जाऊबाईंसाठी कुरडया पाठवते. खारीनं निवडलेल्या वेगळ्या काढल्या आहेत.

ता. क. आणखी एक. हे दर दिवाळीला आर्वीला येताना नव्या डब्यात घालून तुमचं कमरेचं औषध आणत, कारण तुमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्यानं ते तिथे मिळत नाही. हे गेल्यावर ते काम तुम्ही अश्विनला बाजूला घेऊन सांगितलंत, आणि त्यानं केलंही. तेव्हा तो बावीसचा होता. दुकानदारानं वय विचारलं नाही, तुम्हीही नाही. आता तो लहान आहे असं घराण्याचं ठरलंच तर पंचवीस होईपर्यंत तुमच्या कमरेला कळ काढावी लागेल. पाटावर बसला तर तो मोठा झाला, मग दिवाळीला त्याचं तो बघेल. जाऊबाईंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना मी सहसा वेगळं पत्र लिहीत नाही.

ता. क. पत्र काल लिहून झालं, टपालात टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी मी यांचा पांढरा कुर्ता पेटीतून काढला, खांदे उसवले आणि अश्विनच्या मापाचे शिवले.