बर्फ संपला की

खांदा कॉलनी, पनवेल
१८ मार्च २०१२

प्रिय सत्यजीत,

शुक्रवारी स्काईपवर तू म्हणालास, 'अजून एक वर्ष वाढवून देतायत.' आई म्हणाल्या, 'बरं झालं बाबा,' आणि मी दूध उतू जातंय म्हणून उठले. गॅसवर दूध नव्हतंच. आईंच्या खुर्चीमागे उभं राहून तुझ्याशी काय बोलायचं? मधेच चित्र अडकतं आणि तू मस्कतमध्ये तोंड उघडं टाकून बसलेला दिसतोस. शिवाय त्यांच्यासमोर तुला 'अहो' म्हणावं लागतं, आणि मला जे सांगायचंय ते अहो-जाहो करत सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. कित्येक वर्षांनी लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

आधी घरचं. समृद्धी आता नववीत जाईल. माझ्याशी बोलताना तिला शब्द महाग होतात, तुझ्यासमोर मात्र पोपटासारखी बोलते, कारण तू तिला अभ्यासाचं विचारत नाहीस. आईंचा गुडघा बरा आहे, पण जिना चढताना मी मागे असले की दुखतो. मागच्या मोकळ्या जागेवर इमारत उभी राहिली, त्यामुळे स्वयंपाकघरातून डोंगर दिसायचा तो आता दिसत नाही. तू अजून फोनवर विचारतोस, डोंगर हिरवा झाला का. मी 'झाला' म्हणते. तुला खरं सांगायचं राहूनच गेलं.

माझ्या नोकरीबद्दल तू मित्रांना म्हणतोस, 'वेळ जावा म्हणून जाते.' तर ऐक. आमची कंपनी उरण रस्त्याला गोदामं बांधते. कुठलं काम कुठे अडलंय, का अडलंय, कुणाला जाब विचारायचा हे बघणारी आमची एक खोली आहे, तिला सगळे पीएमओ म्हणतात, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस. आम्ही एक वीटही रचत नाही, पण वीट का रचली नाही हे आम्हीच विचारतो, त्यामुळे आम्हाला पाहून कुणाच्या चेहऱ्यावर हसू फुटत नाही. आधी मी को-ऑर्डिनेटर होते, म्हणजे लोकांचे रिपोर्ट गोळा करायचे. मग ॲनालिस्ट झाले, म्हणजे त्या रिपोर्टात कोण थापा मारतंय ते ओळखायचं. त्याच्या वर मॅनेजर. तिनं ती थाप साहेबांसमोर थाप म्हणून सांगायची. या तिसऱ्या पायरीसाठी मला बेलापूरला ट्रेनिंगला धाडलं होतं. वर्गात सगळी समृद्धीच्या मावसभावांच्या वयाची मुलं. पहिल्या दिवशी एकानं मलाच शिकवायला आलेली बाई समजून गुड मॉर्निंग घातलं.

शिकवायला होत्या सुनीता मॅडम. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, प्रोजेक्ट कशाला म्हणायचं? मुलांनी इंग्रजीत बरंच काही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ज्याला संपायची तारीख असते तो प्रोजेक्ट, बाकी सगळं नुसतं चालू असतं, भांडी घासण्यासारखं. वर्ग हसला, मीही हसले. मग डबा खायला बसले आणि बोटांवर तुझी वर्षं मोजू लागले. दुपारी त्यांनी सांगितलं की मुदत वाढवायची तर ती मागावी लागते, कारण द्यावं लागतं, आणि ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांनी हो म्हणावं लागतं. कुणी गप्प बसलं तर ते हो धरायचं नाही. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. भाजीत दोनदा मीठ पडतं, धुतलेले कपडे मी पुन्हा भिजवते. तू दोन वर्षांसाठी गेलास तेव्हा समृद्धी माझ्या कमरेएवढी होती. आता ती माझ्या चपला घालते.

ट्रेनिंगहून परत आले आणि पहिल्याच मीटिंगला कुमार उभा राहिला. हा आमचा एका गोदामावरचा इंजिनिअर, कामाला वाघ. नेहमीप्रमाणे म्हणाला, 'अजून तीन महिने लागतील.' मी विचारलं, 'तीन महिन्यांनी तिथे आज नाही असं काय असेल?' तो भडकला. 'मॅडम, एसीत बसून विचारणं सोपं असतं, साइटवर या.' मी गेले. काम झालेलं होतं, सत्यजीत. शटर लागलेली, रंग वाळलेला. कुमार कठड्यावर बसला आणि म्हणाला, 'इथलं संपलं की कुठे टाकतील माहीत नाही. इथे निदान चहावाला ओळखतो.' मला त्याचा राग येईना. तरी साहेबांसमोर मी सांगितलं की मुदत वाढवायला कारण नाही. भीती हे कारण होत नाही, असंही म्हणाले.

आज सकाळी उरण नाक्याला मासळी घ्यायला गेले. करंजा बंदरावरची दमयंती माझी नेहमीची कोळीण, मांदेली निवडता निवडता रोजचाच प्रश्न विचारते, 'सायेब कवा येनार?' मी सांगितलं, अजून वर्षभर नाही. ती म्हणाली, 'आमचा मानूस बी दर्यान जातो ताई, पन बरफ भरून नेतो तवराच. बरफ संपला का घरा येतोच. तुमच्या सायबाचा बरफ संपत नाय काय?' शेजारच्या बायका हसल्या. मी मासळी तिथेच विसरून रिक्षात बसले, ती बिचारी पिशवी घेऊन मागे धावली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. एक तारखेपासून मी मॅनेजर. घराचा हप्ता आणि समृद्धीचं शिक्षण माझ्या पगारात बसतं, तेव्हा 'तुमच्यासाठीच तर राहतोय' हे यापुढे म्हणू नकोस. तिथे तुला चहावाला ओळखत असेल. इथे परत येऊन आपण नेमके कोण, असं तुला वाटत असेल, तर ते मला समजतं. मलाही भीती वाटते. कपाटातल्या तुझ्या कप्प्यांत माझ्या साड्या आहेत, पलंगाच्या मधोमध झोपायची मला सवय झालीय, आणि तू आलास की आपण दोघं काय बोलणार ते मला सुचत नाही. पण तू हवा आहेस. दर वेळी तू मुदत वाढवलीस, मी गप्प बसले आणि तू ते हो धरलंस. या वेळी माझं नाही म्हणणं आहे. तू नव्या करारावर सही करायच्या आत मिळावं म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. येणार असशील तर तारीख कळव. यायचंच नसेल तर तेही स्पष्ट लिही, मी सोसेन. फक्त 'बघू' लिहू नकोस. मासळी साफ करून झाल्यावर मी कपाटातले दोन कप्पे रिकामे केलेत. आईंनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, झुरळं झाली होती.

अजून तरी तुझीच,
अरुंधती