अर्धी विहीर आणि पूर्ण आई

न्हावरे, चैत्र वद्य, १९७४

तीर्थरूप शंकरमामा यांस दौंड मुक्कामी,

भाचा सावळाराम याचा नमस्कार. मामींच्या पायावर माझ्या वतीने तुम्हीच डोकं ठेवा. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा आहे. (पडला नसेल तर रेल्वेगाड्यांच्या धक्क्यांना दोष देऊ नका, वजन बघा.) इकडे सर्व खुशाल.

पाडवा झाला, गहू घरात आला, गोठा शाकारला. राहिला विहिरीचा गाळ. विहीर माझी आणि माझ्या पाठच्या कोंडिबाची सामाईक, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बांधावरच्या बोरीवरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद, हेही ठाऊक आहे. त्याला काही सांगायचं झालं तर मी माझ्या बैलाला सांगतो, मग कोंडिबा त्याच्या बैलाला उत्तर देतो. (बैल शहाणे, ते मध्ये पडत नाहीत.) तर आम्ही न बोलताच विहिरीच्या तळाला मधोमध सुंभ बांधला आणि आपापल्या अर्ध्या विहिरीतला गाळ काढायला उतरलो. पण गाळाला वाटणी कळेना. मी खोल उकरलं की त्याचा गाळ घसरून माझ्याकडे येई. मी तो फावड्यानं त्याच्या हद्दीत परत टाकी, तो माझ्या हद्दीत. दुपारपर्यंत आम्ही दोघं घामाघूम झालो आणि गाळ होता तेवढाच राहिला.

आम्ही भाकरी खायला वर आलो, तेवढ्यात आई खाली उतरली. शेवटच्या पायऱ्या मोडलेल्या, तिथून ती बसत बसत घसरली आणि बरोबर सुंभावर, गाळात फतकल मारून बसली. मी वरून ओरडलो, तर म्हणाली, "तुमी दोघं तोंड उघडून बोलल्याबिगर म्या वर येत न्हाई."

मामा, तुमची बहीण आहे, तुम्हाला वेगळं काय सांगू? माझी बायको मुक्ता आणि कोंडिबाची सरू दोघी काठावर येऊन रडायला लागल्या. कोंडिबानं विहिरीत बघितलं, मी आभाळात बघितलं. शेवटी तोच म्हणाला, "दादा, आई ऐकत न्हाई."

"व्हय, ऐकत न्हाई," मी म्हणालो. दोन वर्षांत साठवलेलं पुष्कळ होतं, पण ऐन वेळी एवढंच निघालं.

आई खालून म्हणाली, "एवढ्यानं भागत न्हाई. आता गाळ काढा."

मग आम्ही सुंभ तोडला आणि एकाच टोपलीत गाळ भरू लागलो. आई हुकूम सोडत होती. कोंडिबानं तिच्या पायापाशी पहार मारली आणि कातळाच्या फटीतून पाणी उसळलं. असं गार पाणी दुष्काळापासून बघितलं नव्हतं. आम्ही दोघं येड्यासारखे हसत सुटलो. पाणी आईच्या पोटऱ्यांना लागलं तशी ती म्हणाली, "हसता काय मेल्यांनो, मला काढा!"

बाज दोरांनी बांधून खाली सोडली. एक बाजू मी धरली, एक कोंडिबानं. त्यानं जोर केला की आई माझ्याकडे कलंडे, मी जोर केला की त्याच्याकडे, आणि दर कलंडीला ती आमच्या बापाचा उद्धार करी. तेव्हा "हं, आता वढ", "थांब, थांब", "सावकाश की रं" असं भरपूर बोलावं लागलं. वर आल्यावर तिनं दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला. त्या रात्री जेवण कोंडिबाच्या घरी झालं. कांदे लावायचे ते आता दोघं मिळूनच लावू.

लहानथोरांस यथायोग्य सांगावे.

आपला,
सावळाराम

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. यश आल्यापासून आईला चेव चढला आहे. गावात कुणाकुणाचं बोलणं बंद आहे याची ती चौकशी करते. तरी आपल्या बहिणीला महिनाभर दौंडला न्यावे, ही हात जोडून विनंती.

आणखी ता. क. वरचं मुक्तानं वाचलं. ती आणि सरू म्हणतात, सासूबाई जिथं जातील तिथं आम्हीपण जाणार, आम्हालापण रेल्वेची कॉलनी बघायची आहे. तुमच्या क्वार्टरच्या दोनच खोल्या. तेव्हा विनंती मागे घेतो. कोंडिबा म्हणतो, मागे घेऊ नकोस, तिघींचं विचारून तर बघ. मला हे अजिबात पटलेलं नाही, पण आता कुठे आमचं बोलणं सुरू झालं आहे, पुन्हा भांडण नको, म्हणून विचारतो.