दिवा मालवल्यावरही चालणारी मोट

इंग्लंड, १२ नोव्हेंबर १९९७

आदरणीय बाबा,

सविनय जय भीम. माझी प्रकृती उत्तम आहे. आईचा गुडघा कसा आहे?

मी नेमके काय करते, असे आपण विचारलेत. मी घडवलेला रेणू चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यात, त्याच्या पडद्यातून, मीठ ओढून नेतो, विहिरीवरच्या मोटेसारखा. बैलांच्या जागी प्रकाश असतो. दिवा मालवला की मोट थांबलीच पाहिजे.

ती थांबत नाही. मी अकरा वेळा मोजले. मिट्ट अंधारातही मीठ आत साचत राहते. सहकारी थट्टा करतात, “भारती, तुझे रेणूही तुझ्यासारखेच सुटी घेत नाहीत!” इथली मंडळी मोजमापात ढिली आहेत, म्हणून त्यांना हसू येते.

प्राध्यापक म्हणाले, “अंधारातले आकडे वगळा, प्रबंध मंजूर होईल.” मी नकार दिला. पदवी कदाचित हुकेल. आपण समजून घ्याल.

काल मी रेणू न घालता, आत-बाहेर सारखेच मीठ असलेले नुसते बुडबुडे अंधारात ठेवले. भांडी स्वतः धुतली होती. आज पाहिले, तर मोट नसतानाही आतले मीठ बाहेरच्यापेक्षा जास्त होते; म्हणजे अंधारात मीठ ओढणारा माझा रेणू नसावाच.

हेही आकडे मी उद्या प्राध्यापकांपुढे ठेवणार आहे. आईला मात्र एवढेच सांगा, की मी वेळेवर जेवते.

आपली कन्या,
भारती