पारोशी भिंत

माय,

बोदलकशाच्या तलावाजवळ एका पडीक शेतात आपली वस्ती पुन्हा उभी राहतेय. मातीची अकरा घरं, वर कवेलूंचं छप्पर. एका ऐतिहासिक मालिकेसाठी धम्मदीक्षेनंतरच्या वर्षांतली आपल्या लोकांची वस्ती दाखवायची आहे आणि भिंतींचं काम माझ्याकडे आहे. तू गेलीस तेव्हा मी शाळांच्या भिंतींवर अक्षरं रंगवत होते, आता खोटी घरं उभी करते. हसू नकोस, पोट त्यावरच चालतं.

काल भिंती तयार झाल्या. खाली शेण, वर आपली छुई, ती पांढरी माती. दिग्दर्शकानं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ये तो बहुत साफ है. गरीब लगना चाहिए. थोडा गंदा करो." मी मान डोलावली. या धंद्यात इतकी वर्षं मान डोलावूनच टिकले. काळा रंग कालवायला सांगितला, तर सारवायला आणलेल्या बायांतली एक म्हातारी हात धुऊन बाजूला जाऊन बसली.

"काऊन बसलीस, मावशी?"

"मी घर सारवाले आली, बाई. पारोसं कराले नाही आली."

आठवलं, मी सातवीत आहे आणि दारामागचा कोपरा सारवायचं टाळते. "तिकडं कोन पाह्यते?" तू पोतेरं माझ्यासमोर आपटतेस. "आपल्या घरी येनारा मानूस घान शोधाले येते. त्याले सापडू देऊ नोको." तेव्हा मला तुझा भारी राग आला होता. आजीनं दीक्षा घेऊन आल्यावर देव पाण्यात शिरवले आणि त्याच दिवशी भिंतींना छुई दिली, हेही तू तेव्हाच सांगितलंस, पण मी फुगून बसले होते.

काल मात्र मी दिग्दर्शकाकडे परत गेले. म्हटलं, "सर, इन लोगों के घर में अनाज कम था, पर दीवार साफ थी. गंदी करनी है तो मेरा नाम हटा दीजिए." त्यानं भिंतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आपको कैसे मालूम?"

"रिसर्च," मी म्हणाले.

"फिर ठीक है. रहने दो."

भिंती पांढऱ्याच राहिल्या, माय. आज सकाळच्या उन्हात इतक्या छान दिसल्या की मी उगाच दोन चकरा मारल्या. म्हातारीनंही येऊन पाहिलं आणि तंबाखू मळत "आता बरं हाय" म्हणाली.

पण रिसर्च कसला? मी त्याच वस्तीतली, हे मला माझ्या मायनं शिकवलं, एवढं बोलायला जीभ रेटली नाही. या वयातही मी घाबरले. मालिकेचं काम अजून महिनाभर चालणार आहे. उद्या चहाच्या वेळी त्याला सांगणार आहे.

खरं सांगू? हे मी तुला लिहीतच नाहीये. त्याला कसं सांगायचं, ते घोकून राहिले.