ओटीवर ठरलेले आयुष्य

अखिलपाकशालाधीश्वरी, चुल्लीवैश्वानरनियंत्रिणी, फणसपोळीवरील मक्षिकासंहारिणी, भाट्याच्या खाडीपासून आमच्या मागीलदारापर्यंतच्या समस्त मार्जारकुलाची अन्नदात्री, अखंडोपदेशवर्षिणी मातोश्री यांच्या अनुपस्थित चरणी, त्यांच्या कनिष्ठ व सर्वथा निरुपयोगी चिरंजीवाकडून... थोडक्यात, आई. इतक्या पदव्या तुला हयातीत कोणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या, तरी तू "मेल्या, आधी ताट उचल" एवढेच म्हणाली असतीस. हे पत्र कोणत्याही पेटीत पडणार नाही, त्यामुळे भाषा मनसोक्त फुगवण्यास प्रत्यवाय नाही.

अठ्ठ्याण्णव साली मुंबईच्या शल्यविशारदांनी तुझ्या मस्तकातले अर्बुद काढले. मेंदूतल्या गाठींमधली ती सर्वांत आक्रमक जात. माणसे सरासरीने वर्षभरही काढत नाहीत, मात्र सहा आठवडे किरणांचा शेक दिला तर काही काळ वाढू शकतो, असे त्यांनी वडिलांना सांगितले. गाठीचा एक तुकडा संशोधनासाठी ठेवू का, असेही विचारले. त्या कागदावर वडिलांनी तत्काळ सही केली. शेकाचा निर्णय मात्र रत्नागिरीस परतल्यावर, आमच्या ओटीवर, यथासांग सभा भरवून झाला. वडील, काका, मामा. तू डोक्याला रुमाल बांधून स्वयंपाकघरात त्या सभेसाठी चहा करते आहेस. डाव्या हातात बळ नाही, म्हणून कपबश्या मी नेतो आहे. काका म्हणतात, "सरासरी वर्षाचीच, तर मुंबईस नेऊन हाल कशाला करायचे तिचे?" मामा मान डोलावतात. वडील आढ्याकडे पाहत म्हणतात, "नकोच ते. आणि तिला काही बोलायचं नाही कोणी." मी पस्तिशीचा घोडा, बशीत सांडलेला चहा पुसतो आहे.

तेवढ्यात तू दारात येतेस. "काय ठरलं?"

"ठरायचंय काय? सूज आहे थोडी. आता विश्रांती घ्यायची," वडील म्हणाले.

"विश्रांती घ्यायची, तर चहा कोण करणार होतं?" असे म्हणून तू आत वळलीस. सभा मनापासून हसली. आत येऊन तू मला हळूच विचारलेस, "तुला विचारलं कोणी?" मी म्हणालो, "नाही." "मग आपण एकाच पंक्तीतले," म्हणालीस आणि आधण उतरवलेस. दिवाळी तू पाहिली नाहीस.

तुझ्या त्या शल्यविशारदांना दर मे महिन्यात हापूसची पेटी पोचवण्याची रीत वडिलांनी पाडली आणि हमाली माझ्याकडे आली. बऱ्याच वर्षांनी एकदा मीच विचारले, त्या तुकड्याचे पुढे काय झाले? पुढल्या खेपेस त्यांनी शोधून सांगितले. तुझा तुकडा मुंबईच्या शीतकपाटात तुझ्यापेक्षा पुष्कळ अधिक जगला होता. "प्रत्येक पेशीत जनुकं सगळी असतात," ते म्हणाले, "पण सगळी बोलत नाहीत. काही मोठ्याने बोलतात, काही गप्प बसतात. गाठीत कोणती बोलतात, त्यावरून हल्ली आम्ही गट पाडतो." मी म्हणालो, "आमच्या ओटीसारखंच." त्यांना विनोद कळला नाही. मग त्यांनी सांगितले, की तुझी गाठ बऱ्यापैकी जगणाऱ्यांच्या गटातली होती. त्या गटातली माणसे शेक घेतल्यावर इतरांहून बरीच जास्त जगली. "पण हे गटाबद्दल हं. तुमच्या आईंच्या बाबतीत काय झालं असतं, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही." म्हणजे ज्या सरासरीने तुझा निकाल लावला, ती तुझी नव्हतीच कदाचित. या 'कदाचित'वर अपील कोणत्या न्यायासनापुढे करायचे, हे शास्त्राने अद्याप सांगितलेले नाही.

यंदा वडिलांचा मोतीबिंदू काढला. एका डोळ्यासाठी तीन डॉक्टर पाहिले, आणि प्रत्येकासमोर बजावले, "मला विचारल्याशिवाय काहीएक ठरवायचं नाही. डोळा माझा आहे." मी मोटारीची दारे उघडझाक करत होतो. त्या क्षणी तुझ्या गाठीचा वृत्तांत माझ्या जिभेच्या टोकावर होता. सांगितला नाही, अजूनही सांगितलेला नाही. ही करुणा समजू नकोस. सांगितले तर ते रडतील आणि त्यांची समजूत मलाच काढावी लागेल. तेवढे औदार्य माझ्यापाशी नाही.

आता निकडीचा विषय. त्यांच्या डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली थंड ठेवावी लागते. फ्रिजच्या दारात तिच्यासाठी प्रशस्त जागा असताना ते ती दुधाच्या पातेल्यावर, झाकणाच्या मधोमध उभी करतात. सकाळी झोपेत मी झाकण उचलतो आणि बाटली दुधात. अनेकवार विनवून झाले. म्हणतात, "पातेलं तिथे ठेवताना मला विचारलं होतंस का?"