दोरीवरची मुशी

१२ नोव्हेंबर

कारखान्यात पांढऱ्या कोटावर दोन गोल डाग! सातवा महिना, आणि आत्तापासूनच दूध गळायला लागलं. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं येतच होती. शेजारच्या हिनाने डोळ्यांनी खुणावलं. आत रुमाल कोंबला आणि पुन्हा कामाला लागले. लाजायचं कशाला?

१४ नोव्हेंबर

बोईसरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या — होतं असं, दाबून काढू नका, सुती घड्या ठेवा, ओल्या झाल्या की बदला. पाजणार नाही म्हणून सांगितलं. "नक्की?" नक्की. "बरं, मग दूध कसं आटवायचं ते नंतर सांगते." उपदेश नाही, काही नाही. बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर

आमच्या दातिवरे गावात काही लपत नाही. आईंनी — सासूबाईंनी — माझा ओला ब्लाउज पाहिला. "दूध आपल्या पायानं आलाय, आन् तू नाय म्हनतेस?" संध्याकाळी मुशी मासा चिरून, मीठ लावून अंगणातल्या दोरीवर टांगला. बाळंतिणीला सुक्या मुशीचं कालवण घालतात, दूध उतरावं म्हणून. म्हणजे मला विचारायचंच नाही!

प्रफुल्ल म्हणतो, "आयचा मन राख ना." मन तिचं, छाती माझी.

१८ नोव्हेंबर

घड्या पुरत नाहीत. प्रफुल्लचा बनियन फाडला. तो अजून शोधतोय.

२३ नोव्हेंबर

आज आई शेजारच्या सुलूकाकींसमोर म्हणाल्या, "पोटचा पोर डब्याच्या दुधावर? आय हाय का कोन?"

डोकं फिरलं. त्यांना हाताला धरून आत नेलं, दार लावलं आणि ब्लाउजची बटणं काढली. थोरल्या वैष्णवीच्या वेळचं बाळंतपण माहेरी, वाणगावला झालं. छातीत गळू झालं, पू झाला, पालघरला नेऊन चिरावं लागलं. मी सासरी परतले तोवर वरून सगळं भरलं होतं. "जरा दुखलं" एवढंच इथे कळवलेलं. वैष्णवीला जवळ आणली की मी भिंतीकडे तोंड करायचे. माझीच पोर, आणि मला तिची भीती वाटायची.

"बघा," म्हटलं. "या पोराला मला भ्यायचं नाय. कुशीत घ्यायचं हाय."

आईंनी व्रणावर बोट ठेवलं. बोट खरखरीत, खाऱ्या मासळीचा वास. मग बाहेर गेल्या.

२४ नोव्हेंबर

बोलत नाहीत. नका बोलू. मी बदलणार नाही.

२६ नोव्हेंबर

कामावरून आले. दोरीवर मुशी नाही. दुपारी तिचं कालवण प्रफुल्लने खाल्लं म्हणे. दोरीवर आईंचं जुनं मऊ लुगडं — फाडून, घड्या शिवून, अख्ख्या आळीसमोर वाळत घातलेलं. सुलूकाकी विचारत होत्या, हे काय गं?

"माज्या सुनंच्या घड्या हायत," आई म्हणाल्या. "ती पाजनार नाय."